दहा फुटांवरची रिंग

बॉल मुलाच्या हातातून सुटला की कट्ट्यावर बसलेल्या बाईंचा उजवा हात आपोआप कानाकडे जायचा. मान जराशी तिरपी, डोळे बारीक, जणू पलीकडून कोणी फोन उचलतंय का ते ऐकतायत. बॉल रिंगमधून खाली आला की हातही खाली. "लागला!" रिंगवर आपटून बाहेर गेला तर "एंगेज." आणि रिंग नाही, बोर्ड नाही, कशालाही न शिवता थेट मागच्या गटाराकडे गेला, तर अगदी रेकॉर्ड केलेल्या गोड आवाजात, "हा क्रमांक अस्तित्वात नाही."

टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली होती. स्वेच्छानिवृत्ती घेऊन गिरगावातून भाईंदर पूर्वेला राहायला आल्या तेव्हा गुडघे कुरकुरायला लागले होते, पण आवाजाला काही झालं नव्हतं. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा. म्हणूनच आमची ओळख झाली. मी कॉम्प्लेक्सच्या कमिटीची सेक्रेटरी. टाकी धुवायला कोण येणार, गच्चीची किल्ली कोणाकडे, कोणाची गाडी कोणाच्या जागेवर, अशा कामांत माझी संध्याकाळ संपायची. तळमजल्यावरच्या दोन घरांनी लेखी तक्रार दिली की बास्केटबॉलच्या कोर्टावर एक बाई रोज ओरडतात. मी तक्रार घेऊन खाली गेले.

"बसा," त्या म्हणाल्या. "तक्रार दोन मिनिटांनी. हा पोरगा आता ट्रंक कॉल लावणार आहे."

ट्रंक कॉल म्हणजे लांबून मारलेला बॉल. मी बसले. बॉल लागला नाही. तक्रार द्यायची राहून गेली, आणि पुढची कितीतरी वर्षं मी संध्याकाळची कामं साडेसहाच्या आत आटपून कट्ट्यावर जाऊन बसत राहिले.

तुम्हीही कधी अशा कट्ट्यावर बसला असाल, तर तुम्हाला माहीत असेल, खेळणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांना जास्त दमायला होतं. आम्ही कायमचे तिघे. त्या, मी, आणि कोर्टासमोरच वह्या-पुस्तकांचं दुकान चालवणारे जयेशभाई. दुकानात गिऱ्हाईक आलं की जयेशभाई कट्ट्यावरूनच ओरडायचे, "ले लो, पैसा काउंटर पे रख दो." तिघांपैकी एकानेही आयुष्यात बास्केटबॉल हातात धरलेला नव्हता. पण कुठला मुलगा कुठवर जाईल हे ठरवायचं काम आमच्यावर आहे, याबद्दल आम्हाला कधी शंका आली नाही.

जयेशभाई उंचीवर जायचे. "इसका बाप देखा? छे फूट. ये लडका जाएगा." माझा भर हजेरीवर. रोज येतो तो पुढे जातो, बाकी सगळं बोलायच्या गोष्टी. त्या आम्हा दोघांनाही उडवून लावायच्या.

"सेक्रेटरी, हजेरी तर वॉचमनची पण असते. आणि जयेशभाई, उंचीवरच असेल तर विजेचा खांब खेळवा."

"तो आप बताओ ना बेन, क्या देखने का?"

"बॉल सुटताना बघायचं. नंबर फिरवणाऱ्याला स्वतःला कळतं, लागणार की नाही ते. चेहऱ्यावर दिसतं."

नवऱ्यासमोरही त्यांचा हाच खाक्या होता. शांत गृहस्थ. खिडकीत बसून रेडिओ ऐकत आमच्याकडे बघायचे. भाजी, वॉचमन, कोणाकोणाला सांगून आलेली स्थळं, गणपतीतली आरती म्हणणारे, सगळ्यांना बाईंकडून मार्क मिळायचे. "जेवणात आज मला किती मिळाले विचारा," असं ते एकदा खिडकीतूनच म्हणाले होते. त्यांच्या हातचा भात होता. बाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "एंगेज."

पण नुसत्या बोलणाऱ्या त्या नव्हत्या. आमचं कोर्ट सखल जागेवर होतं. मोठी भरती आली की गटारातून पाणी उलटं यायचं आणि आठवडाभर चिखल राहायचा. मुलं बसून राहायची. बाईंनी कमिटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये हा विषय काढला. अजेंड्यावर नसला तरी काढला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "करून टाका एकदाचं, नाहीतर या आपल्याला झोपू देणार नाहीत." मग राबीट, म्हणजे पाडकामातला विटा-मातीचा चुरा, आणून भरणी केली, तिच्यावर सिमेंटचा कोबा घातला. कोबा ओला असेपर्यंत कुत्रं जाऊ नये म्हणून त्या स्वतः काठी घेऊन खुर्ची टाकून बसल्या होत्या. पुढच्या भरतीला रस्त्यावर पाणी आलं आणि आमचं कोर्ट कोरडं राहिलं. बाई अख्ख्या कॉम्प्लेक्सला दाखवायला घेऊन जात होत्या, नव्या सुनेला दाखवावं तसं.

आणि गंमत बघा, कोबा झाल्यापासून पोरांचा खेळच सुधारला. ज्याचे बॉल रिंगच्या कडेला थटायचे त्याचे अलगद आत जायला लागले. जयेशभाईंचा मुलगा, सगळे त्याला लाडूच म्हणायचे, एके दिवशी उडी मारून त्याने रिंगची जाळी ओढली. जयेशभाईंनी त्या दिवशी कट्ट्यावर फाफडा वाटला. "हाइट बढ गया, बेन! रोज दूध देता है इसका मम्मी." बाई म्हणाल्या, "दूध कसलं? पायाखाली कोरडी जमीन आली. माणसाला पाय ठेवायला नीट जागा मिळाली की हात आपोआप वर जातो." मलाही ते पटलं. आपण केलेल्या कामाचं फळ दिसत असेल तर कोण कशाला शंका घेईल?

त्याच हिवाळ्यात जागृती आली.

खारी गावातली मुलगी. आमच्या कॉम्प्लेक्सच्या भिंतीपलीकडे जुनं गाव आहे, आता चारी बाजूंनी बिल्डिंगी. तिचे वडील टेम्पो चालवायचे, स्टीलची भांडी पॉलिशच्या गाळ्यांतून दुकानांत पोहोचवायचे. तिच्या शाळेत बास्केटबॉल नव्हता. आमच्याकडे येऊन ती मुलांच्या रांगेत मुकाट उभी राहिली, नंबर आल्यावर डाव्या हाताने बॉल टाकला. बाईंचा हात कानाशी गेला. बॉल आत पडला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. बाईंनी "लागला" म्हटलं नाही. हात कानाशीच राहिला होता.

"सेक्रेटरी," त्या हळूच म्हणाल्या, "हिची लाइन डायरेक्ट आहे."

पुढच्या दोन-तीन महिन्यांत आम्ही तिला कुठल्या कुठे नेऊन ठेवलं. आधी जिल्हा, मग राज्य. जयेशभाईंनी तर दुकानात फोटो लावायची जागाही ठरवली, लक्ष्मीच्या फोटोच्या खाली, पंख्याचा वारा लागणार नाही अशी. बाईंनीच कुठून कुठून चौकशी करून पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहाची माहिती काढली. तिथे निवड झाली की राहणं, शिक्षण, खेळ, सगळं तिथेच. चाचणी ठाण्याला होती.

अडचण वडिलांची होती. मुलगी दहावीला जाणार, संध्याकाळी घरी पाहिजे, गावात लोक विचारतात. बाई त्यांच्याशी बोलल्या. भला माणूस, पण सरळ हिशेबाचा.

"तुमी येवरा बोलताव म्हनून येक चान्स," ते म्हणाले. "झाला तं झाला. न्हाय झाला तं खेल बंद. मंग मना कोनी काय बोलाचा न्हाय."

"होणारच," बाई म्हणाल्या. "मी सांगते ना."

चाचणीला आम्ही त्यांच्याच टेम्पोतून गेलो. जागृती आणि तिचे वडील पुढे. मागे, पातेल्यांच्या गोण्यांना टेकून, आम्ही तिघे. घोडबंदर रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला मागची पातेली वाजत होती आणि बाई म्हणत होत्या, "शुभशकुन आहे, बँड लागलाय."

पुढचं सांगायला जड जातं. जागृतीने पहिला बॉल टाकला, रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला. दुसरा, तोच प्रकार. तिसरा तर नुसता जाळीच्या टोकाला शिवून गेला. तिने आणखी जोर लावला, मग दिशा चुकायला लागली. मी बाईंकडे बघितलं. त्यांचा हात मांडीवरच होता. बारा-तेरा मुलींची नावं वाचून दाखवली, त्यात तिचं नव्हतं.

टेम्पोशी परत येताना ती एवढंच म्हणाली, "मावशी, थितली रिंग उंच व्हती."

त्या दिवशी बाईंचा तोल गेला. "नाचता येईना अंगण वाकडं," त्या म्हणाल्या. "घाबरलीस असं म्हण. रिंगवर नको ढकलूस."

मुलीने मान खाली घातली. वडिलांनी गाडी सुरू केली. परतीच्या वाटेवरही पातेली वाजतच होती.

दुसऱ्या दिवशी जागृती आली नाही. बाई आल्या, पण कट्ट्यावर बसल्या नाहीत. कोर्टाला फेरी मारत राहिल्या आणि रिंगच्या खांबाजवळ थांबल्या. खांबाच्या बुडाशी देणगीदाराने आपल्या आजोबांचं नाव रंगवून घेतलं होतं. वरच्या ओळीत 'कै.' आणि आजोबांचं नाव, खालच्या ओळीत 'यांच्या स्मरणार्थ'.

"सेक्रेटरी, इकडे या. 'यांच्या स्मरणार्थ' कुठे गेलं?"

मी वाकून बघितलं. आजोबांचं आडनाव अर्धं दिसत होतं. त्याच्या खालचं सगळं कोब्यात.

मी घरी जाऊन मोजायची टेप आणली. जयेशभाई दुकानातलं स्टूल घेऊन आले आणि वर चढले. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर पाहिजे, एवढं आम्हाला पाठ होतं. ती चांगली वीतभर आणि वर चार बोटं खाली भरली. आम्ही परत मोजली. खांब होता तिथेच होता. वर आली होती ती जमीन. आमची भरणी आणि आमचा कोबा.

"तो मेरा लाडू..." जयेशभाई स्टुलावरूनच म्हणाले आणि टेप गुंडाळायला लागले.

बाई तिथेच कोब्यावर बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नसे, तरी बसल्या. "पोरगी खरं बोलत होती," त्या म्हणाल्या. "अंगण खरंच वाकडं होतं. आणि ते मी केलं."

मी म्हटलं, "ताई, ठराव सगळ्यांनी पास केलाय." सेक्रेटरीला दुसरं काय सुचणार?

"ठरावाचं राहू द्या. चला खारीला."

जागृतीच्या घरी तिची आई ओटीवर सुकट निवडत होती. वडील नुकतेच गाडी लावून आले होते. मुलगी आम्हाला बघून आत गेली. बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कोबा, खांब, टेप. मग म्हणाल्या, "तिला मी काल टाकून बोलले. माझं चुकलं. चूक मुलीची नव्हती, मोजमापाची होती."

वडिलांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग पोरगी चांगली हाय का न्हाय, येवराच सांगा."

मला वाटलं होतं, आता बाई त्यांच्या त्या आवाजात सांगतील. हीच तर वेळ होती. 'हो' म्हटलं असतं तर त्या माणसाने कदाचित ऐकलं असतं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"माहीत न्हाय?"

"नाही. इतके दिवस मी तिला खोट्या रिंगवर बघितलं. खऱ्या रिंगवर ती कशी आहे, मला अजिबात सांगता येत नाही. कदाचित नसेलही चांगली. मला एक वर्ष द्या. तिला द्या म्हणजे."

वडील मान हलवायला लागले. "मी सबूद दिला, तुमी पन दिला. परत परत कोन..."

तेवढ्यात सुकटीवरून हात न काढता तिची आई म्हणाली, "काटा खोटा निंगाला म्हनून म्हावरा कोन फेकतंय का? परत तोलतान."

वडिलांनी बायकोकडे बघितलं. मग बाईंकडे. आतल्या दाराशी जागृती उभी होती, ती ऐकत होती हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"येक वरीस," ते म्हणाले. "त्याच्यावर येक दीस न्हाय."

रिंग वर घ्यायला स्टीलच्या गाळ्यातला एक वेल्डर आला. त्याने बोर्ड उतरवून वर सरकवला, आम्ही टेपने मोजून घेतला. आणि त्या संध्याकाळपासून आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दुःख पसरलं. एकाचाही बॉल लागेना. लाडूची जाळी गेली. चार पालक माझ्याकडे अर्ज घेऊन आले की मुलं हिरमुसतात, रिंग पूर्वीसारखी करा. मी अर्ज फाइलला लावला. बाई म्हणाल्या, "मुलांना सांगा, तुम्ही होता तेवढेच आहात. आमच्यामुळे मध्ये जरा उंच झाला होतात."

निम्मी मुलं क्रिकेटकडे वळली. जागृती येत राहिली. तिचे बॉल रिंगवर आपटायचे, बाहेर यायचे. ती धावत जाऊन बॉल आणायची, परत टाकायची. परत बाहेर. परत धाव. महिनेच्या महिने आम्ही हेच बघितलं. थोडी सुधारली, पण ती पहिली जादू आली नाही. जयेशभाई माझ्या कानाशी, पण बाईंनाही ऐकू जाईल असं, कुजबुजले, "गया केस, बेन." फोटोच्या जागेवर त्यांनी कॅलेंडर लावलं.

बाईंमध्ये मात्र फरक पडला होता. त्यांनी निकाल देणं सोडलं. हात कानाशी जाईना, "एंगेज" नाही, काही नाही. कोणी विचारलं की म्हणायच्या, "मला विचारू नका. मी नुसती बघते." इतकी गप्प बाई शेजारी बसलेली मला सोसायची नाही. तळमजल्यावरच्या बाईंनी तर मला जिन्यात थांबवून विचारलं, त्यांची तब्येत बरी आहे ना?

वर्षाने परत तेच ठाणं, तोच टेम्पो. या वेळी गोण्या रिकाम्या होत्या, त्यामुळे आम्ही जास्त आपटलो. कोणी शुभशकुन काढला नाही.

मैदानावर जागृतीचे काही बॉल लागले, काही गेले. बरे म्हणावेत असे. मग मुलींचे दोन संघ करून खेळवलं. मला तर तिचं काही विशेष दिसलं नाही. एका जागी ती ठरत नव्हती, सारखी रिंगखाली घुसत होती, एवढंच. जयेशभाई घड्याळ बघायला लागले. बाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या.

नावं वाचली. चौथं नाव तिचं.

वडिलांनी आधी मागे वळून बघितलं, दुसरी कोणी जागृती आहे का म्हणून. मग त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

बाई थेट निवड करणाऱ्या मॅडमकडे गेल्या. उंच, रापलेल्या चेहऱ्याच्या, गळ्यात शिट्टी. "मॅडम, आनंद आहे. पण हिचे निम्मे बॉल तर बाहेर जात होते."

"बॉल लागायला आम्ही शिकवू," त्या म्हणाल्या. "बॉल रिंगवर आपटायच्या आधी ती तिथे जाऊन उभी असते. कोणाचाही असो. कुठे पडणार ते तिला कसं कळतं देव जाणे. हे शिकवून येत नाही. कोणी शिकवलं तिला?"

बाई नमस्कार करून निघाल्या. टेम्पोत बसल्यावर, गायमुखच्या आसपास, त्या एकदम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की जयेशभाईंनी त्यांना धरलं, नाहीतर मागून पडल्या असत्या.

"सेक्रेटरी, आपण तिघं वर्षभर काय बघत होतो हो? बॉल! नुसता बॉल! ती धावत होती, रोज धावत होती, तुमच्या-माझ्या नाकासमोरून. आणि हे म्हणतात, गया केस!"

"मैं अकेला थोडी बोला," जयेशभाई म्हणाले. पण तेही हसत होते. केबिनच्या मागच्या काचेतून वडिलांनी वळून बघितलं आणि गाडी हळू केली.

जागृती पुण्याला गेली. बाई नंतर चारेक वर्षं आमच्याबरोबर होत्या. परत बोलायला लागल्या, पण आता त्यांचं बघणं वेगळं होतं. बॉल एकीकडे आणि बाईंची नजर भलतीकडेच, ज्या पोराकडे बॉल नाही त्याच्या पायांवर. नव्या माणसाला वाटायचं, यांना कमी दिसतं. छोट्याशा आजारपणाचं निमित्त झालं आणि गेल्या. खिडकीतला रेडिओ काही दिवस बंद होता, मग त्यांच्या यजमानांनी तो खाली आणून कट्ट्याच्या टोकाला बसून ऐकायला सुरुवात केली. त्यांना खेळातलं काही कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात.

बाई गेल्याचं कळल्यावर जागृती सुट्टी काढून आली, आधी त्यांच्या घरी जाऊन बसली, मग खाली कोर्टावर आली. खांदे भरलेले, केस आखूड कापलेले. आम्ही कट्ट्यावर बसलेलो, ती समोर कोर्टाच्या कडेला उभी, अशा गप्पा चालल्या होत्या. पुण्याचं जेवण, आईचं दुखणारं मनगट, वडिलांचा नवा टेम्पो. मागे आमची नवी पोरं खेळत होती. त्यांतल्या एकाने लांबून बॉल टाकला. बॉल अजून वरच होता. जागृतीचं वाक्य अर्ध्यावर थांबलं आणि तिचे पाय निघाले. डावीकडे, दोन-तीन पावलं. मग आपण खेळत नाही हे लक्षात येऊन ती थांबली. बॉल रिंगच्या कडेवर आपटला आणि सरळ तिच्या पुढ्यात येऊन पडला.

मी शेजारी वळले. कट्ट्यावर जयेशभाईंच्या आणि माझ्यामध्ये आम्ही अजून एका माणसाची जागा सोडून बसतो. त्या रिकाम्या जागेपलीकडून, मी विचारायच्या आतच, जयेशभाई म्हणाले, "देखा, बेन. इस बार मैंने भी देखा."